काटेमुशी आणि बाबांचं काळीज

माझे बाबा, लवू कोयंडे, कशालाच भीत नसत. आमच्या सडेबंदरात याचं सगळ्यांना भारी कौतुक. वादळाचा बावटा लागलेला असताना होडी काढली, "काय माणूस!" विहिरीत पडलेल्या म्हशीला दोर बांधायला खाली उतरले, "काय माणूस!" म्हणायला लोकांचं काय जातंय? अशा माणसाबरोबर एका घरात राहून बघा म्हणजे कळेल. आई होती तोवर ती देव पाण्यात घालून बसायची, आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आणि त्या सकाळी तर माझा जीव नुसता टांगणीला लागला होता, कारण बाबांना भीती वाटली तरच ते वाचणार होते. आणि बाबांना भीती वाटत नव्हती.

हे असं उलटं का झालं ते कळायला आधी काटेमुशी समजून घ्यायला हवी.

आमच्या किनाऱ्यावर केंड माशाने उच्छाद मांडला होता. केंड म्हणजे तो फुग्यासारखा फुगणारा मासा. समुद्र तापत गेला तसे त्यांचे थवेच्या थवे यायला लागले. विषारी, त्यामुळे कोण खाणार? दात पोपटाच्या चोचीसारखे, त्यामुळे जाळी कापून काढणार. सकाळी जाळं ओढावं तर आत बांगड्यांच्या जागी भोकं. रापण ओढणाऱ्या मच्छीमारांनी कपाळाला हात लावला होता. तेव्हा आमच्या मासेसंशोधन केंद्रातल्या डॉक्टर हेरवाडकर मॅडमनी सांगितलं, "केंड फोडून खाणारा मासा आज नाही. पण पूर्वी होता."

मी त्या केंद्रात तंत्रज्ञ. मॅडम बेळगावच्या, हुशार, आणि कामात बुडाल्या की जेवायचं विसरणाऱ्या. त्यांनी दाखवलेला दात मी अजून विसरले नाही. काळा, दगड झालेला, नखाएवढा. डायनोसॉरच्या काळात समुद्रात आणि खाड्यांत फिरणाऱ्या एका मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कुळातला. असले दात आपल्याकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या खडकांतही मिळतात. या मुशीच्या जबड्यात दोन तऱ्हांचे दात असत. पुढचे धरायला, मागचे भरडायला. पाठीवरच्या दोन परांपुढे एकेक जाड काटा. बाकीचं अंग कूर्चेचं, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असतं तसल्या मऊ हाडाचं. ते कुजून जातं. दगडात दात राहतो, काटा राहतो. मासा कसा वागायचा ते राहत नाही.

"मग तो परत आणणार कसा?" मी विचारलं होतं. "इतक्या कोटी वर्षांपूर्वीचा डीएनए थोडाच शिल्लक असणार?"

"शिल्लक नाही, अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्याचे चुलत, मावस नातेवाईक आहेत ना! आजच्या मुशी, पाकट, खोल पाण्यातले भूतमासे. चार नातवंडांची नाकं एकसारखी असली की आजीचं नाक कसं असेल याचा अंदाज येतो. तसं संगणकाने मागे मागे जात जनुकं जुळवायची. केंडाचं विष पचवण्याची सोय वाघमुशीकडून घ्यायची. आणि अंडी वाढवायची आजच्या मुशीच्या पोटात."

थोडक्यात, आम्ही जुना मासा परत आणला नव्हता. आम्ही एक अंदाज बांधला होता आणि त्या अंदाजाला दात फुटले होते.

गावाने त्याचं नाव काटेमुशी ठेवलं. माणसाएवढी लांब, राखाडी. पहिल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी सोडल्या आणि केंड दिसेनासे झाले. जाळी शाबूत येऊ लागली. गावाने केंद्राला नारळ दिले, मॅडमना साडी दिली. मला तर चहाच्या टपरीवर कोणी चहाचे पैसे देऊ देईना.

सगळ्या मुशींना वीज कळते. त्यांच्या मुस्कटावर बारीक छिद्रं असतात, आत चिकट द्रव. पाण्यात कोणताही जीव हलला, त्याचं काळीज धडधडलं, की अगदी किंचित वीज सुटते, ती तिथे जाणवते. वाळूत दडलेला मासा तिला न बघता सापडतो. आजच्या मुशीला हे हातभर अंतरावरून कळतं. काटेमुशीला किती छिद्रं असायची हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण कातडी काही दगडात राहिलेली नव्हती. संगणकाने स्वतःच्या मनाने भरली. भरपूर भरली. आमची मुशी पन्नास-साठ पावलांवरून वीज ओळखायची. मॅडम खूश झाल्या, कारण मोजणीसाठी माशांना परत बोलावणं सोपं झालं. खाडीतल्या आमच्या पिंजऱ्याजवळ पाण्यात एक विजेची कांडी सोडायची. सेकंदाला एक टोचणी द्यायची. टक्. टक्. टक्. कांडीला खाद्याची पिशवी बांधलेली. पिल्लू असल्यापासून त्यांना तीच सवय लावली होती. जिथे टक्टक् तिथे खाणं.

ते खाणं एकदा बघितल्यावर मी पिंजऱ्याच्या काठावर वाकून उभं राहणं सोडून दिलं. मुशी आधी पिशवीला तोंड लावत नसत. टक्टक् जिथून येते नेमकं तिथेच भरडायच्या. कांडीभोवतीची लोखंडी जाळी दर आठवड्याला चेपून यायची. "बघ, किती नेमक्या आहेत!" मॅडम म्हणायच्या. मला मेलीला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही. आम्हाला सगळ्यांना केंड गेल्याचा आनंद झाला होता.

त्याच पावसाळ्यात बाबांना दोनदा चक्कर आली. कोल्हापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय चांगलं आहे, पण मधूनच डुलकी काढतं. डाव्या खांद्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवू. ठोके मिनिटाला साठच्या खाली गेले की ते टोचणी देईल. हृदय आपलं आपण नीट चालायला लागलं की गप्प बसेल."

"म्हणजे राखणदार म्हणा," बाबा हसले. "मी निजलंय काय तो जागो."

आमच्या शेजारच्या वाडीतले परब गुरुजीही त्याच महिन्यात त्याच डॉक्टरांकडून यंत्र बसवून आले होते. दोघं ओट्यावर बसून पोरांसारखे एकमेकांना छात्या दाखवायचे. "होडयेक इंजिन नाय आणि माका इंजिन!" बाबा म्हणायचे आणि गुरुजी खो खो हसायचे.

पावसाळा सरला. गुरुजी रोज सकाळी समुद्रात अंघोळ करायचे, चाळीस वर्षांचा नेम. एके सकाळी ते आले नाहीत. अंग किनाऱ्याला लागलं तेव्हा मी केंद्राच्या कामाने रत्नागिरीला होते. होडीच्या पंख्यात सापडले असं गावात ठरलं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या घरी भेटायला गेले.

गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडणं संपून गेलेलं. मी हात धरला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पंखो कसलो गो? पंखो लागलो तर हात-पाय तुटतत. हातापायाक ओरखडो नाय. फक्त हय." त्यांनी आपल्या डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. "तां मशीन बशिवलेलां ना, तुझ्या बापाशीक बशिवल्यांनी तसांच? तां मशीनच घेवन गेलो कोण तो."

तिथे बसल्या बसल्याच माझ्या डोक्यात टक्टक् सुरू झाली. मिनिटाला साठ. सेकंदाला एक. मॅडमनी मोजायला सोपं म्हणून ठरवलेला वेग आणि डॉक्टरांनी यंत्रात घातलेला वेग. दोघांनी एकमेकांना न सांगता एकच आकडा धरला होता.

घाईघाईत चपला घालता घालता मी काकींना विचारलं, "बाबा इलेले हय?"

"सकाळीच येवन गेलो. आज रापण लावतत मां, हंगामातली पयली."

मी पळाले. पळताना मॅडमना फोन लावला. "मॅडम, मुशी कुठे आहेत ते पडद्यावर बघा." प्रत्येक मुशीच्या पराला खूणयंत्र होतं. त्या पडद्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "प्रणिता, पिंजऱ्याजवळ एकही नाही गं. मी सकाळपासून कांडी चालू ठेवलीय. सगळ्या तुमच्या किनाऱ्यापुढे जमल्यात. असं का?"

"माझे बाबा पाण्यात आहेत," मी ओरडले. "गुरुजींच्या यंत्राची टक्टक् त्यांना इथेच सापडली, बाबांचं यंत्रही तसंच! कांडी होडीत घाला आणि इकडे आणा!"

"अर्धा तास तरी लागेल," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पार बदलला होता.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. किनाऱ्यापासून समुद्रात मोठा अर्धा फेर घेऊन जाळं टाकतात. दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभी असलेली माणसं ओढतात, सगळी वाडी लागते. जाळं किनाऱ्याजवळ आलं की सगळ्यात जाणता माणूस मध्यावर छातीभर पाण्यात उतरतो आणि जाळ्याचा खालचा दोर पायांनी दाबून धरतो. तो दोर उचलला गेला तर सगळी मासळी खालून निसटते. म्हणून तो माणूस हलत नाही. ओढायचं नाही, बोलायचं नाही. जाळं वाळूवर येईपर्यंत खांबासारखं उभं राहायचं. आमच्या वाडीत तो मान बाबांचा.

मी किनाऱ्यावर पोचले तेव्हा ते तसे उभे होते. ऊन कोवळं होतं. समुद्र अगदी शांत. बाबा छातीभर पाण्यात, डोळे अर्धे मिटलेले. समुद्रात उतरले की त्यांचा चेहरा असाच निवांत व्हायचा. गार पाण्यात उभं राहिलं की काळीज आपोआप संथ होतं, कोणाचंही होतं. बाबांचं तर होणारच. आणि ते संथ झालं की राखणदार जागा होणार. टक्. टक्. टक्.

जाळ्याच्या बाहेर, बाबांच्या पाठीमागे, पाण्यातून एक काटा वर आला. मग त्याच्याजवळ दुसरा. मग मला मोजता येईनात.

"बाबा! भायर येवा! दोर सोडा!"

त्यांनी डोळे उघडले. "काय झालां गो?"

"मुशी तुमच्या मागसून येतत! गुरुजींका मुशीनच मारल्यान! तुमच्या छातीतलां यंत्र त्यांका बोलावता!"

दोर ओढणारे थांबले. दाजी टिकम, रापणीचा म्होरक्या, माझ्याकडे बघून हसला. "अगो, काटेमुशी आमच्या जाळ्याची राखण करतत. तूच हाडलंस मां त्यांका? आज त्यांकाच भियातंस?" आणि परत दोराला लागला. त्यांना कोणी दोष द्यायचा? वर्षभर मीच सगळ्यांना सांगत फिरले होते, काटेमुशी माणसाच्या वाटेला जात नाही म्हणून.

"बाबा, पाया पडतंय तुमच्या! दोर सोडा!"

"दोर सोडलंय तर मासळी खालसून जातली," बाबा तिथूनच म्हणाले. राग नाही, घाई नाही. "वाटो सगळ्यांचो हा. आणि दर्यान आजवर माका काय करूक नाय, तो आज कित्याक करतलो? थांब जरा. जाळां येता हाच."

त्यांच्या खांद्यामागे पाणी फुगलं आणि एक रुंद राखाडी डोकं दिसून आत गेलं. बाबांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. काय करू? ओढून आणायला माझ्यात बळ नाही. यंत्र बंद करायला डॉक्टर कोल्हापुरात. होडी अर्ध्या तासावर.

आणि तेव्हा डॉक्टरांचं वाक्य आठवलं. हृदय आपलं आपण नीट चालायला लागलं की ते गप्प बसेल.

काळीज जोरात धडधडलं की यंत्र गप्प. यंत्र गप्प झालं की मुशींना बाबा म्हणजे नुसता एक माणूस. त्यांना भीती वाटायला हवी होती. आत्ता, या क्षणाला. पण वादळाला न भिणाऱ्या, मुशीकडे मान वळवून न बघणाऱ्या माणसाला मी कशाची भीती घालणार होते?

एकच गोष्ट होती. मला पोहता येत नाही. मासे शिकले, समुद्र शिकले, पण पोहायला शिकले नाही. बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला तेव्हा मी रडून गोंधळ घातला होता.

मी पाण्यात शिरले.

गुडघ्यापर्यंत गेले तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. कमरेपर्यंत गेले तेव्हा दाजी ओरडला. साडीत पाय अडकत होते. वाळू पायाखालून सरकत होती. मी जाळ्याला वळसा घातला आणि बाबांच्या बाजूने नाही, तर काटे दिसत होते तिकडे चालू लागले. खोटं कशाला सांगू, मी मोठमोठ्याने रडत होते. धीरबीर काही नव्हता माझ्यात.

"प्रणिता!" बाबांचा आवाज आला. "खय चललंस? मागे फिर!"

मी आणखी एक पाऊल टाकलं. पाणी गळ्याशी आलं. तोंडात खारट पाणी गेलं.

"अगो बाय! तुका पोवाक येणा नाय! मागे फिर गो! प्रणिता!"

असा आवाज मी बाबांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा नाही. तो चिरकला होता, लहान पोराचा चिरकतो तसा. माझ्या मांडीला काहीतरी घासून गेलं, खरखरीत, जड. मी डोळे मिटून घेतले. ते परत आलं, माझ्या पोटाशी क्षणभर थांबलं. माझं काळीज इतकं उडत होतं की मला कानात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मग ते निघून गेलं. त्याला हवं होतं ते माझ्याकडे नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा पाय टेकत नव्हते. नाकातोंडात पाणी. आणि मग एक हात माझ्या दंडाला लागला आणि त्याने मला वर खेचलं. बाबांनी दोर सोडला होता. त्यांच्या तोंडाला फेस आला होता, डोळे विस्फारलेले. मला काखेत धरून ते किनाऱ्याकडे पाणी कापत निघाले. दोन्ही बाजूंनी मुशी सैरभैर फिरत होत्या, हाक मारणारं कोणीतरी अचानक गायब झाल्यासारख्या. त्यांच्यातल्या एकीचं शेपूट बाबांच्या पाठीवर आपटलं तरी ती वळली नाही.

वाळूवर आलो. जाळं सैल पडलेलं, बांगडे खालून निसटून चकाकत निघून जात होते. कोणी ओरडत होतं, कोणी शिव्या देत होतं. बाबांनी मला उभं केलं आणि काडकन कानाखाली मारली. आजवर त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता.

"मराक गेललंस?" ते ओरडले. "मराक गेललंस गो?"

"तुमी भियाक व्हये होतास," मी म्हटलं. "तुमी भियालास म्हणान यंत्र थांबलां. म्हणान तुमी वाचलास."

त्यांना ते कितपत कळलं कोणास ठाऊक. पाण्याच्या कडेलाच, ओल्या वाळूत ते मटकन खाली बसले. लाटेचा फेस त्यांच्या कमरेभोवती येऊन जात होता. त्यांनी मान मागे टाकली, एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. चेहरा सैल पडत गेला.

"आता बरां वाटता," ते म्हणाले.

दाजीच्या शिव्या मध्येच थांबल्या. मी समुद्राकडे बघितलं.

सैरभैर फिरणारे काटे थांबले होते. मग एकेक करून सगळे किनाऱ्याकडे वळले. सगळे एका रेषेत, बाबांच्या दिशेने. पहिली लाट आली तिच्यावर एक मुशी चढून आली आणि पोटावर वाळूत आपटली, बाबांच्या पायांपासून हातभर. जबडा उघडला. मागचे भरडायचे दात मी इतक्या जवळून कधी बघितले नव्हते. ती अंग वळवत, घसपटत वर सरकत होती. बाकीची माणसं दोर टाकून पळाली. मी बाबांच्या काखेत हात घालून ओढलं. ते हललेच नाहीत. सगळी ताकद मला बाहेर काढण्यात संपली होती.

"ऱ्हवांदे गो," ते पुटपुटले. "जरा टेकांदे."

मी त्यांना सोडलं. समोर येऊन उभी राहिले. "बाबा, हय बघा. तुमी उठलास नाय तर मी परत पाण्यात जातंय."

मी वळले आणि चालू लागले. त्या मुशीला वळसा घालून घोट्याभर पाण्यात गेले, मग गुडघाभर. पुढच्या मुशींचे काटे माझ्या दोन हातांवर होते. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती. ते उठले नाहीत तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

"नको! नको गो बाय, नको!"

मनगटाला झटका बसला. ते उभे होते, झिंगल्यासारखे, पण उभे. मला ओढत ते वाळूवरून वर चढले, पार वर, सुरूच्या झाडांखालच्या कोरड्या वाळूपर्यंत. तिथे आम्ही दोघं कोसळलो. मी त्यांच्या गळ्यावर बोटं ठेवली. धडधड, धडधड, धडधड. घोडा उधळल्यासारखं. इतकं सुंदर काही मी आजवर बोटांनी ऐकलं नव्हतं. खाली कडेला ती मुशी तोंड इकडेतिकडे फिरवत होती. पुढची लाट आली आणि तिला पाण्यात घेऊन गेली. लांबवर मॅडमची होडी येताना दिसली.

"भिया हां बाबा," मी त्यांच्या कानात म्हटलं. इथपर्यंत वीज पोचणार नाही हे मला शिकलेलीला कळत होतं, तरी मी म्हणत राहिले. "अजून थोडां भिया."

"भियालंयच आसंय गो," ते म्हणाले. त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. "तू त्या पाण्यात पाय घातलंस, आता मी काय भियायचो थांबतंय?"

आणि मग लवू कोयंडे, ज्यांना सगळं सडेबंदर कशालाच न भिणारा माणूस म्हणून ओळखत होतं, ते समुद्राकडे बघवेना म्हणून तिकडे पाठ करून बसले.